प्रतिस्पर्धी कंपनीतील भागधारणा आणि नवा मुख्य कार्यकारी अधिकारी

एखाद्या कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदी नव्याने आलेल्या व्यक्तीकडे त्याच धंद्यातील दुसऱ्या कंपनीचे शेअर असतील, तर पदाचे कर्तव्य एकीकडे आणि स्वतःची मिळकत दुसरीकडे, अशी तिची ओढाताण होते. या स्थितीला हितसंबंधांचा संघर्ष असे म्हणतात. वृत्तपत्रांत ‘दुहेरी हितसंबंध’ हा शब्दही रूढ आहे. असा संघर्ष आहे म्हणजे गैरव्यवहार घडलाच, असे नव्हे. अधिकारी पूर्ण प्रामाणिक असला तरी संघर्ष असतोच, कारण त्याच्या निर्णयामागील हेतू तपासण्याचे साधन भागधारकांच्या हाती नसते. विश्वस्ताने आपले हित आणि आपल्यावर सोपवलेले हित एकमेकांत गुंतू देऊ नये, हा इंग्लंडमधील न्यायालयांनी १७२६ च्या कीच विरुद्ध सँडफर्ड या खटल्यापासून घट्ट केलेला नियम या विषयाच्या मुळाशी आहे.

असे शेअर बहुधा हौसेने घेतलेले नसतात. औषधनिर्मिती, माहिती तंत्रज्ञान किंवा बँकिंग या क्षेत्रांत वरच्या पदावरचा माणूस साधारणतः त्याच क्षेत्रातून निवडला जातो आणि आधीच्या कंपनीने त्याच्या मोबदल्याचा मोठा भाग कर्मचारी शेअर विकल्पाच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काच्या, रूपात दिलेला असतो. अनुभवासाठी ज्याला आणले, त्याच्या डिमॅट खात्यात त्या अनुभवाची कमाई प्रतिस्पर्ध्याच्या शेअरच्या रूपाने पडून असते. वारसाहक्काने आलेले किंवा जोडीदाराच्या नावावरचे शेअर ही दुसरी वाट. म्युच्युअल फंडातील गुंतवणूक मात्र या चर्चेत सहसा धरत नाहीत, कारण तेथे कोणते शेअर घ्यायचे हे गुंतवणूकदार ठरवीत नाही.

प्रश्न नेमका कोठे बोचतो हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीने नवा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला आणि त्याच्याकडे आधीच्या, शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचे ३ कोटी रुपयांचे शेअर आहेत. दोन्ही कंपन्या एकाच सरकारी रुग्णालयाच्या पुरवठ्यासाठी निविदा भरतात. भावाचा शेवटचा आकडा या अधिकाऱ्याच्या सहीने जातो. निविदा हातची गेली आणि त्या बातमीने प्रतिस्पर्ध्याचा शेअर ४ टक्क्यांनी वधारला, तर त्याची मालमत्ता १२ लाख रुपयांनी वाढते. निविदा त्याने मुद्दाम घालवली असे कोणीही सिद्ध करू शकणार नाही, आणि घालवली नाही हे सिद्ध करणे त्यालाही तितकेच अशक्य. त्याहून अवघड असतात ते न घेतलेले निर्णय: न वाढवलेले उत्पादन, न उतरलेली बाजारपेठ, सोडून जाऊ दिलेला एखादा जाणता रसायनशास्त्रज्ञ. त्यांची नोंद कोणत्याही इतिवृत्तात होत नाही.

भारतात या विषयाचा मुख्य आधार कंपनी अधिनियम, २०१३ हा आहे. त्याच्या कलम १६६ नुसार, ज्या स्थितीत आपले प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हित कंपनीच्या हिताशी विरोधी ठरते किंवा ठरू शकते, अशा स्थितीत संचालकाने गुंतू नये. उल्लंघनासाठी १ लाख ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे कलम संचालकांपुरते असल्याने, मुख्य कार्यकारी अधिकारी संचालक मंडळावर नसेल तर तो त्याच्या कक्षेबाहेर राहतो. व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे देण्याची प्रथा असल्याने ही उणीव फारशी जाणवत नाही एवढेच. कलम १८४ प्रमाणे संचालकाने मंडळाच्या पहिल्या बैठकीत, आणि नंतर प्रत्येक आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत, इतर कंपन्यांतील आपले हितसंबंध व भागधारणा जाहीर करायची असते. संचालक नसलेल्या प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्याला कलम १८९ नुसार नियुक्तीपासून ३० दिवसांत तशी माहिती द्यावी लागते. सूचीबद्ध कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१५ च्या विनियमांनुसारही संचालक मंडळाला प्रकटन करावे लागते, मात्र त्याचा रोख वैयक्तिक हितसंबंध असलेल्या व्यवहारांवर आहे.

हीच या कायदेरचनेची मोठी मर्यादा आहे. कायद्याची नजर दोन कंपन्यांमधील करारावर आहे, आणि प्रतिस्पर्धी कंपन्या एकमेकींशी क्वचितच करार करतात. शिवाय कराराच्या बाबतीतही संचालकांची मिळून भागधारणा दुसऱ्या कंपनीच्या भरणा झालेल्या भागभांडवलाच्या २ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल, तर मतदानापासून दूर राहण्याचे बंधन लागू होत नाही. १०,००० कोटी रुपये बाजारमूल्य असलेल्या कंपनीचे २ टक्के म्हणजे २०० कोटी रुपये. वरील उदाहरणातील ३ कोटींची भागधारणा अवघी ०.०३ टक्के भरते. परंतु त्या माणसाची आयुष्यभराची बचतच तेवढी असू शकते. कायदा शेअरचे माप कंपनीच्या भांडवलावरून घेतो, पण मोह उत्पन्न होतो तो माणसाच्या स्वतःच्या मालमत्तेतील प्रमाणावरून. हे माप बदलल्याखेरीज उंबरठ्याचा आकडा वर-खाली करून काहीही साधणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मग शेअर विकून का टाकू नयेत? तेथे दुसरा कायदा आडवा येतो. आंतरस्थ व्यापार म्हणजे कंपनीच्या आतल्या, अप्रकाशित माहितीच्या आधारे केलेली शेअरची खरेदी-विक्री. सेबीच्या त्याविषयीच्या विनियमांनुसार, मागील सहा महिन्यांत कंपनीशी निगडित असलेली व्यक्ती ‘संबंधित व्यक्ती’ मानली जाते. जुनी कंपनी सोडून आलेल्या अधिकाऱ्याजवळ तिची अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती असेल, तर घाईने विकणे हाच अपराध ठरू शकतो. ठेवले तर संघर्ष, विकले तर अपराध, अशी ही खरीखुरी कोंडी आहे. तिचे गाजलेले उदाहरण फिनलंडमधील नोकिया कंपनीचे. सप्टेंबर २०१० मध्ये स्टीफन एलॉप मायक्रोसॉफ्टमधून तेथे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. मोबाइल प्रणालींच्या क्षेत्रात दोन्ही कंपन्या तेव्हा प्रतिस्पर्धी होत्या आणि एलॉप यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचे शेअर होते. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने स्वतःची सिंबियन प्रणाली मागे सारून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली स्वीकारत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर बार्सिलोना येथे शेअरविषयी विचारले गेले असता, वाटाघाटी सुरू झाल्यावर शेअरची विक्री करण्यास आपल्याला कायद्याने मज्जाव होता, असा खुलासा त्यांनी केला. तो निर्णय शेअरपायी घेतला गेला असे म्हणण्यास आधार नाही. तरीही संशय फिटला नाही, आणि २०१३ मध्ये नोकियाने आपला हँडसेट व्यवसाय मायक्रोसॉफ्टलाच विकण्याचे ठरवले तेव्हा तो पुन्हा उफाळून आला.

कोंडी सोडवण्याची वेळ नियुक्तीनंतरची नसून नियुक्तीपत्रापूर्वीची आहे. रुजू होण्याचा दिनांक पुढे ढकलणे, तोवर शेअर विकणे, किंवा पूर्वनियोजित व्यापार योजनेद्वारे, म्हणजे विक्रीचे वेळापत्रक आधीच जाहीर करून, ते टप्प्याटप्प्याने काढणे, हे व्यवहार्य मार्ग होत. २०२४ च्या दुरुस्तीनंतर अशा योजनेतील प्रतीक्षाकाळ, म्हणजे योजना जाहीर केल्यापासून व्यवहार सुरू करेपर्यंतचा किमान काळ, सहा महिन्यांवरून १२० दिवसांवर आला आहे. चर्चेतून बाहेर राहण्याचा उपाय साध्या संचालकाला चालतो, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला नाही. प्रतिस्पर्ध्याशी संबंधित प्रत्येक विषयातून तो उठून जाऊ लागला, तर त्याच्या पदात उरणार काय? विक्रीवर करही पडतो. २३ जुलै २०२४ पासून सूचीबद्ध शेअरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर, १.२५ लाख रुपयांपलीकडे, १२.५ टक्के दराने कर आहे, आणि पदासाठी विकावे लागले म्हणून सूट मिळत नाही. हा भार नव्या कंपनीने मोबदल्यात भरून देणे न्याय्य होय.

गोव्यात या विषयाला एक खास पदर आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या येथील कौटुंबिक कायद्यानुसार, विवाहपूर्व वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि तीत दोघांचा निम्मा निम्मा वाटा असतो. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५-अ नेही वेतनाव्यतिरिक्तच्या उत्पन्नाची अशी वाटणी मान्य केली. परिणामी पत्नीच्या नावावरील प्रतिस्पर्धी कंपनीच्या शेअरचा लाभांश आला, की त्याचा अर्धा भाग पतीच्या विवरणपत्रात दिसतो. ‘शेअर माझे नाहीत, घरच्यांचे आहेत’ हे अन्यत्र दिले जाणारे उत्तर अशा गोमंतकीय अधिकाऱ्याला शोभत नाही; त्याने ते शेअर आपल्या प्रकटनात लिहावेत हेच सुसंगत होय. केवळ नोकरीसाठी मुंबई-पुण्याहून वेर्ण्याला आलेल्याला मात्र हा कायदा लागू होत नाही, कारण तो गोव्यातील अधिवासाशी जोडलेला आहे.

कलम १८४ खालील प्रकटन एमबीपी-१ या नमुन्यात करतात. त्यात कंपनीचे नाव, हितसंबंधाचे स्वरूप, भागधारणा आणि हितसंबंध निर्माण झाल्याचा दिनांक असे रकाने असतात. हा कागद पणजीत पाटो येथील कंपनी निबंधकांकडे नमुना म्हणून दाखल होत नाही. तो कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात राहतो आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ वर्षे जतन करावा लागतो. भागधारकाला पाहता येते ती कलम १८९ खालील नोंदवही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आरंभी ती मांडावी लागते आणि सभा संपेपर्यंत खुली ठेवावी लागते. परंतु २ टक्के किंवा त्याहून कमी भागधारणा असलेल्या कंपन्यांची नावे तीत लिहिण्याची सक्ती नाही. त्यामुळे वरील उदाहरणातील भागधारकाने सभेत ती वही मागून घेतली, तरी ज्या कंपनीचे ३ कोटींचे शेअर आपल्या अधिकाऱ्याकडे आहेत, तिचे नाव त्याला त्या वहीत आढळणार नाही.