सर्वांसाठी रोइंग (कोकण किनारा)

सर्वांसाठी रोइंग म्हणजे ज्यांच्यापर्यंत हा खेळ कधी पोचलाच नाही अशा मुलामुलींना, बायकांना, अपंगांना बोट, शिकवणारा माणूस, पोहण्याचं शिक्षण आणि सरावाची जागा मिळवून द्यायचं काम. अमेरिका-ब्रिटनमध्ये ते शहरातल्या गरीब वस्त्यांतून उभं राहिलं. कोकणात चित्र वेगळं आहे, इथे पाणी दाराशी, वल्हं मारणारे हात पिढ्यानपिढ्या घरात, आणि तरीही खेळ म्हणून रोइंग पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत जवळपास दिसत नाही, आणि या नोंदीत मुख्य विचार त्याचाच केलाय.

आधी खेळाबद्दल थोडं. रोइंगमध्ये खेळाडू बोटीच्या दिशेला पाठ करून बसतो, बसायची सीट रुळांवर पुढेमागे सरकते, पाय पट्ट्याने जखडलेले असतात आणि खरा जोर पायांतून येतो, हात शेवटी ओढतात. दोन्ही हातांत एकेक वल्हं असेल तर स्कलिंग, दोन्ही हातांनी एकच मोठं वल्हं धरलं तर स्वीप. ऑलिम्पिकमधली नेहमीची शर्यत २००० मीटरची. तारकर्लीला पर्यटक चालवतात ते कयाक वेगळं, त्यात तोंड पुढे असतं आणि पॅडल बोटीला कुठेच अडकवलेलं नसतं.

कोणाला बाहेर ठेवलं होतं

हा खेळ काही लोकांपासून लांब राहिला तो आपोआप राहिला नाही, त्यासाठी रीतसर नियम होते. इंग्लंडमधल्या हेन्ली रेगाटा या वल्ह्याच्या शर्यतींच्या मेळाव्याने १८७९ मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या ठरवली आणि त्यात मजूर, कारागीर यांना तर वगळलंच, पण ज्याने कधी पैसे घेऊन बोटीवर काम केलंय त्यालाही वगळलं. म्हणजे ज्याचं पोट वल्ह्यावर चालतं त्यालाच वल्ह्याच्या शर्यतीत बंदी! १९२० मध्ये जॉन केली नावाच्या अमेरिकन खेळाडूचा अर्ज तिथे नाकारला गेला, त्याने गवंडीकाम केलेलं होतं आणि त्याच्या क्लबवर जुनी बंदीही होती, आणि त्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये त्याने हेन्लीच्या त्या वर्षीच्या विजेत्याला, जॅक बेरेसफर्डला, हरवून सुवर्ण जिंकलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघाला हेन्लीत उतरू दिलं नाही कारण ते पोलीस होते. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि १९३७ मध्ये मजुरांबद्दलचे ते शब्द नियमातून गेले. बायकांना ऑलिम्पिकमध्ये रोइंगला प्रवेश मिळाला थेट १९७६ मध्ये, तोही १००० मीटरवर, आणि पुरुष-स्त्रियांच्या शर्यती सारख्या, सात-सात, व्हायला टोकियो २०२० उजाडलं.

नियम गेले तरी बोटी महाग, क्लब श्रीमंत भागात, सराव पहाटे, त्यामुळे दार उघडलंय असं कागदावर दिसत असूनही आत कोणी जाऊ शकत नव्हतं. म्हणून मग १९९० च्या दशकाच्या शेवटी शिकागोच्या वेस्ट साइडमधल्या मॅन्ली हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलांचा संघ तयार झाला, त्यातला अर्शे कूपर आज याच कामासाठी ओळखला जातो. २००२ मध्ये अमांडा क्राउसने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मुलींना घेऊन रो न्यूयॉर्क सुरू केलं, तिथे बोटीबरोबर शाळेचा अभ्यासही घेतात. मला यातली ही अभ्यासाची जोड सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आईवडील पोराला पाठवतात ते पदकासाठी नाही, पोराचं पुढे काहीतरी व्हावं म्हणून.

महाराष्ट्रातलं दार

आपल्याकडे रोइंग आलं ते इंग्रजांबरोबर, पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. पुढे पुण्याच्याच सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब, दापोडीचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, नाशिकला गंगापूर धरण, असा खेळ नदी आणि धरणाच्या संथ पाण्यावरच वाढला. समुद्रकाठ त्यात आलाच नाही.

सामान्य घरातल्या मुलासाठी भारतात सगळ्यात मोठं दार ठरलं ते लष्कर. दत्तू भोकनळ हा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गाव, विहिरी खोदायची कामं केलेला मुलगा, लष्करात भरती झाल्यावर उंची बघून त्याला रोइंगला घेतलं, तोवर बोटीशी काही संबंध नव्हता आणि पाण्याची भीतीही होती. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, १३ वा आला आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये चौघांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये सुवर्ण. विहिरीवरचा पोरगा एवढं करू शकतो तर हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथली पोरं काय करतील हा विचार मनात येतोच. पण लष्कराचं दार मुख्यतः भरती झालेल्यांसाठी, बारा-चौदा वर्षांच्या मुलीला ते सहसा उघडत नाही. केरळात अलेप्पीला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे, बॅकवॉटरच्या भागातल्या मुली तिथूनच राष्ट्रीय पातळीवर गेल्या, तसं काही आपल्या खाड्यांवर नाही. रत्नागिरीत एनसीसीचं नेव्हल युनिट आहे, कॅडेट मुलामुलींना तिथे व्हेलर बोट वल्हवायला मिळते, २७ फूट लांब आणि पाच वल्ह्यांची. सामान्य घरातल्या पोरांना इथे शिस्तीत वल्हं मारायला मिळतं ते बहुतेक एवढंच.

बोट कुठली

इथेच बहुतेक योजना फसतात असं माझं मत आहे. शर्यतीची सिंगल स्कल साधारण ८ मीटर लांब, अगदी अरुंद आणि वजनाला १४ किलो, ती धरणावर ठीक, भाट्याच्या किंवा कर्लीच्या खाडीच्या मुखाशी दुपारचा वारा सुटला की उलटते. किनाऱ्यासाठी कोस्टल रोइंगची बोट असते, एकट्याची ६ मीटरपर्यंत लांब, कमीत कमी ३५ किलो, रुंद, मागून उघडी म्हणजे आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. नवशिक्यालाही ती पहिल्या दिवशी सावरते आणि लाटेत भीती कमी वाटते.

आणि आता तर ऑलिम्पिकनेच ही बाजू घेतलीय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लाइटवेट, म्हणजे कमी वजनाच्या खेळाडूंच्या, गटाची रोइंग काढून बीच स्प्रिंट आणलंय. दोन बोटी एकमेकींविरुद्ध, खेळाडू वाळूवरून धावत येऊन बोटीत उडी मारतो, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांमधून नागमोडी २५० मीटर जातो, वळसा घालून २५० मीटर सरळ परत येतो, उतरून धावत जाऊन बझर दाबतो. लाट केव्हा फुटते ते बघून होडी आत ढकलायची, परत येताना लाटेवर बसून किनारा गाठायचा, हे रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) होडीवर वाढलेल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. सीट, पाय, लय मात्र नव्याने शिकावं लागतं, आणि पाठमोरं बसायची सवयही.

भरती, मोसम आणि घर

किनाऱ्यावर सरावाची वेळ घड्याळावर ठरत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, ओहोटीला खाडीचा काठ म्हणजे मांडीपर्यंत चिखल, बोट पाण्यात न्यायचीच कशी. जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात, चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, थोडा फरक बंदराप्रमाणे पडतो पण आठवड्याचं वेळापत्रक त्यावर बसतं. शाळा दहा-अकराला भरते, तेव्हा कधी सकाळी आधी, कधी संध्याकाळी, असा बदलता सराव ठेवावा लागतो. बाहेरून आलेल्या कोचने गावातल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, सोबत घेतलं तर हे सगळं सोपं जातं, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, सल्ला फुकट घ्यायचा नाही.

समुद्राकाठी राहतो म्हणजे प्रत्येकाला पोहता येतं हाही समज सोडायला हवा, मुलींच्या बाबतीत तर खासच. पोहण्याची चाचणी, लाइफ जॅकेट आणि बाजूला इंजिनची होडी याशिवाय कोणालाही पाण्यात सोडू नये. वाशिष्ठीत चिपळूणकडच्या भागात मगरी आहेत, तिथली जागा स्थानिकांना विचारूनच ठरवायची.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या ओढून शाकारलेल्या असतात, घरातली मोठी माणसं गावात असतात पण समुद्र खवळलेला आणि खाड्यांना पुराचं पाणी. हे ६१ दिवस रोइंग मशीनचे, म्हणजे जमिनीवरच वल्हं मारायचा सराव देणाऱ्या यंत्राचे. शाळेच्या एका वर्गात चार मशीन ठेवल्या तरी सीट, पाय, लय हे सगळं कोरड्यावर शिकून होतं आणि मोजमापही मिळतं, २००० मीटरला किती मिनिटं लागली ते आकड्यात दिसतं. इनडोअर रोइंगच्या राष्ट्रीय स्पर्धाही होतात, तेव्हा बोट नसलेल्या गावातली मुलगीसुद्धा तिथपर्यंत जाऊ शकते.

सगळ्यात जास्त सुटून जातात ते कातकरी. रायगडच्या खाड्या-नद्यांत मासे, खेकडे, चिंबोऱ्या धरणारी ही माणसं पाणी चांगलं ओळखतात, पण दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात, पोरं सोबतच. आणि बोटीवरचा सरावाचा मोसम नेमका ऑक्टोबर ते मे. म्हणजे कार्यक्रम आखतानाच ती बाहेर पडतात, कोणी काढलं नाही तरी. यावर उपाय दोनच दिसतात, एक तर पावसाळ्यातलं मशीनचं शिबिर त्यांच्या वाडीजवळच्या शाळेत घ्यायचं, नाहीतर हंगामी वसतिगृहाशी सराव जोडायचा म्हणजे पोरं गावात राहतील. अमुक तालुक्यात इतकी मुलं आली असा आकडा मिरवणाऱ्या योजनेने त्यात वाडीवरची किती हे आधी बघावं.

जाती-जमातीची गुंतागुंतही आहे. रायगडात कोळी, रत्नागिरीत खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत, उत्तरेला मांगेला, प्रत्येकाचं बंदर, जेटी, सोसायटी वेगळी. बोटी एकाच सोसायटीच्या शेडमध्ये ठेवल्या की बाकीच्यांना त्या परक्या होतात. शाळा किंवा ग्रामपंचायत ही त्यातल्या त्यात सगळ्यांची जागा.

बायका आणि मुली

मासे विकणं, सुकवणं, हिशोब, सगळं बायकांकडे, होडी मात्र पुरुषांची, ही रीत अजून आहे. ती मोडताना बघायची असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जावं, तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवनात फिरवतात, होडी स्वतः वल्हवतात. खेळाचा हेतू त्यात नव्हता, रोजगाराचा होता, पण गावातल्या मुलींनी बाईला वल्ह्यावर बघितलं हे फार मोठं काम झालं. मुलींसाठी कपडे बदलायला बंद खोली, येण्याजाण्याची सोय आणि शिकवणारी बाई, या तीन गोष्टी झाल्या तर गळती बरीच कमी होते.

अपंगांसाठी

पॅरा रोइंग २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकपासून आहे. पीआर १ गटात फक्त हात-खांदे वापरतात आणि सीट स्थिर असते, पीआर २ मध्ये धड आणि हात, पीआर ३ मध्ये पायही, दृष्टिहीन खेळाडू याच गटात. भारताचे नारायणा कोंगनपल्ले आणि अनिता यांनी हांगझोऊच्या एशियन पॅरा गेम्समध्ये रौप्य मिळवलं आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये आठवा नंबर. नारायणा हे सैनिक, सुरुंगाच्या स्फोटात पाय गेला. कोकणात जेटीला रॅम्प आणि हात धरायला कठडा नसतो, पायऱ्या शेवाळलेल्या, तेवढं दुरुस्त केलं तरी इंजिनवर, विंचवर हात-पाय गमावलेल्या खलाशांना परत पाण्यावर यायची सोय होईल.

बोट गावानेच बांधायची

परदेशी कोस्टल बोट मागवायची म्हणजे खर्च लाखांत, शिवाय मोडली की सुटा भाग येईपर्यंत ती पडून. स्कॉटलंडने याला फार चांगला उपाय काढला. २००९ च्या सुमारास तिथल्या मत्स्य संग्रहालयाच्या पुढाकाराने सेंट आयल्स स्किफ नावाची २२ फुटांची, चार वल्ह्यांची आणि एका सुकाणूवाल्याची बोट डिझाइन झाली, प्लायवूडचे कापलेले भाग गावात येतात आणि गावकरी मिळून ती जोडतात, पैसाही वर्गणीतून. २०१३ मध्ये अलापूलला त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्किफची सीट सरकत नाही आणि ती ऑलिम्पिकची बोट नाही, पण गावातली शाळकरी पोरं आणि आज्या एकाच बोटीत बसतात.

कोकणात लाकडी होडी बांधणारे मेस्त्री अजून आहेत आणि फायबरचं काम तर बंदरोबंदरी चालतं. शाळेसाठी चार वल्ह्यांची रुंद होडी त्यांच्याकडूनच बांधून घेतली, नारळी पौर्णिमेला काही गावांत होड्यांच्या शर्यती लागतात त्यात मुलींचा आणि शाळेचा गट ठेवला, तर पहिली दोन वर्षं सरकत्या सीटवाचूनही जातील. त्यातून तयार झालेली पोरं मग एका तालुक्याला दोन-तीन कोस्टल बोटी मिळाल्या की त्यावर बसवायची. स्पर्धेची प्रमाणपत्रं पहिल्यापासून नीट नोंदवून ठेवायची, कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि ते मिळतं अधिकृत संघटनेच्या ठरावीक पातळीच्या स्पर्धांवर, गावच्या शर्यतीवर नाही. त्यामुळे जिल्हा संघटना नोंदवणं हे बोटीच्या आधीचं काम.