मॉलिन्यूचा प्रश्न

मॉलिन्यूचा प्रश्न : पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील बुद्धिवाद (खरे ज्ञान बुद्धीचे, हे मत) आणि अनुभववाद (ज्ञान अनुभवातूनच येते, हे मत) यांच्या वादात सतराव्या शतकाच्या अखेरीस पुढे आलेला एक कल्पित प्रसंग. एक जन्मांध माणूस आता प्रौढ झाला आहे. एकाच धातूच्या, साधारण सारख्याच आकारमानाच्या दोन वस्तू, एक गोल (चेंडूसारखा) आणि एक घन (फाशासारखा), तो चाचपून बिनचूक ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली आणि त्याच दोन वस्तू टेबलावर त्याच्यासमोर ठेवल्या, तर हात न लावता, नुसते पाहून गोल कोणता आणि घन कोणता हे त्याला सांगता येईल का?

हा प्रश्न काढणारे विल्यम मॉलिन्यू (१६५६–९८) डब्लिनचे. प्रकाशशास्त्रावर त्यांचा ग्रंथ आहे. त्यांच्या पत्नी ल्यूसी यांची दृष्टी लग्नानंतर थोड्याच काळात गेली होती. तेव्हा हा त्यांच्यासाठी नुसता बुद्धीचा खेळ नसावा. जुलै १६८८ मध्ये त्यांनी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना उद्देशून पत्र लिहिले. वस्तू वीस किंवा हजार फूट दूर असल्या, तर त्या हाताच्या टप्प्यात नाहीत हे तरी त्या माणसाला पाहून कळेल का, असेही त्यात विचारले होते. लॉक यांनी उत्तर दिले नाही. मार्च १६९३ मध्ये मॉलिन्यूंनी पुन्हा लिहिले, आणि या वेळी लॉक यांनी प्रश्न आपल्या ‘मानवी आकलनाविषयी निबंध’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१६९४) घेतला. मॉलिन्यूंचे उत्तर ‘नाही’ असे होते आणि लॉक यांना ते पटले. घनाचा कोपरा हाताला टोचतो कसा हे त्या माणसाला ठाऊक आहे. तोच कोपरा डोळ्याला दिसतो कसा, हा अनुभव त्याने अजून घेतलेला नाही.

जन्मतः मन कोऱ्या कागदासारखे असते, त्यावर जे उमटते ते अनुभवानेच, ही लॉक यांची भूमिका. देकार्त, स्पिनोझा, लायब्निट्स हे बुद्धिवादी मात्र विस्तार (वस्तूचे जागा व्यापणे), आकार, संख्या यांचे खरे आकलन बुद्धीचे, इंद्रियांचे नव्हे, असे मानत. आकार बुद्धीच ओळखत असेल, तर तो हातावाटे आला काय किंवा डोळ्यावाटे आला काय, ओळख पटायला हवी. म्हणून ‘नाही’ हे उत्तर अनुभववादाच्या पथ्यावर पडणारे होते.

तरीही लॉक यांच्या मांडणीत एक अडचण राहतेच. आकाराची कल्पना दृष्टी आणि स्पर्श या दोन्ही इंद्रियांनी मिळते, असे त्यांनीच त्या ग्रंथात म्हटले आहे. मग दोन्हींत समान असलेली गोष्ट ओळखता का येऊ नये? त्यांचा खुलासा असा, की डोळ्याला मुळात छायाप्रकाशाची एक सपाट चकतीच दिसते. तिला आपण गोल समजतो ते सवयीने. हा खुलासा अडचण अर्धीच सोडवतो. अनुभववादी तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी १७०९ मध्ये तिचे मूळच छाटले : दिसणारा आकार आणि स्पर्शाचा आकार या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी असून त्यांना जोडते ती केवळ सवय.

या वादातले सर्वांत मार्मिक विवेचन लायब्निट्स यांचे आहे. लॉक यांच्या ग्रंथाला त्यांनी संवादरूपाने सविस्तर उत्तर लिहिले. पण १७०४ मध्ये लॉक वारले आणि लायब्निट्स यांनी ते छापले नाही. ते प्रसिद्ध झाले १७६५ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. समोर एक गोल व एक घन आहे एवढे त्या माणसाला आधी सांगितले, तर विचार करून त्याला ते ओळखता येतील, असे त्यांचे म्हणणे. गोलाच्या पृष्ठभागावर कोणताही बिंदू वेगळा उठून दिसत नाही. घनाला आठ कोपरे असतात. आंधळ्याची भूमिती आणि लुळ्या माणसाची भूमिती यांच्यात एकही प्रतिमा समान नसली, तरी दोन्ही शेवटी जुळतातच. मात्र नव्या दृश्याने दिपलेल्या माणसाला पहिल्याच क्षणी हे जमेल असा त्यांचा दावा नाही, आणि आपल्यात व लॉक यांच्यात दिसते तेवढे अंतर कदाचित नसेल, असेही ते म्हणतात. हे खरेच आहे. लॉक पहिल्या नजरेबद्दल बोलतात, लायब्निट्स तर्काला दिलेल्या सवडीबद्दल.

पुढे प्रत्यक्ष पुरावा येऊ लागला. लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया केली आणि १७२८ मध्ये तिचा वृत्तांत छापला. सगळ्या वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटतात, असे मुलगा सांगे. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे तो पुन्हा पुन्हा विसरे; विचारायची लाज वाटे. मग एकदा त्याने हाताला ओळखीचे असलेले मांजर पकडले, त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि पुढच्या वेळी तुला ओळखीन म्हणून त्याला खाली सोडले. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर यांनी ही हकिकत फ्रान्समध्ये पोहोचवली. फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी १७४९ मध्ये मात्र सावध केले, की नुकत्याच उघडलेल्या, दुखऱ्या डोळ्याची साक्ष फार धरू नये. परीक्षा घ्यायचीच तर गोल व घनाऐवजी वर्तुळ व चौरस घेऊन बघावी.

अलीकडची महत्त्वाची चाचणी भारतातली. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा रिचर्ड हेल्ड व सहकाऱ्यांनी घेतली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहिलेली वस्तू पाहून ओळखण्यात मुले ९२ टक्के वेळा बरोबर होती, चाचपलेली चाचपून ओळखण्यात ९८ टक्के. चाचपलेली वस्तू पाहून ओळखताना मात्र प्रमाण ५८ टक्क्यांवर आले, म्हणजे अंदाजाने उत्तर दिल्यापेक्षा फारसे अधिक नाही. पण ज्या मुलांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना काही दिवसांतच, कोणी मुद्दाम न शिकवता, ते चांगले जमू लागले. पहिला निकाल लॉक यांच्या बाजूचा आहे. दुसऱ्याचा अर्थ काय लावायचा, यावर चर्चा चालू आहे. इतक्या लवकर जोड बसते ती निव्वळ सवयीने, की मेंदूत तिची काही तयारी आधीच असते, हे या चाचणीने ठरत नाही. वस्तू फिरवून पाहू दिल्या असत्या किंवा सपाट आकृत्या वापरल्या असत्या तर पहिला निकाल वेगळा लागला असता का, हा आक्षेपही तिच्यावर घेतला गेला आहे.