हट ट्रेक

उंच पर्वताची वाट टप्प्याटप्प्याने चढत, प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस वाटेवरच्या पक्क्या निवाऱ्यात रात्रीचा मुक्काम करीत केलेल्या गिरिभ्रमणाला हट ट्रेक म्हणतात. तंबू, शिधा आणि इंधन पाठीवर वाहण्याची गरज यात उरत नाही. छप्पर, अंथरूण आणि बहुतेक ठिकाणी गरम जेवणही मुक्कामावर मिळते. वाट मुख्यतः पायवाटेची असते, दोर किंवा बर्फकुऱ्हाड क्वचितच लागते आणि त्यामुळे गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या, पण चालण्याचा सराव असलेल्या माणसालाही चार-पाच हजार मीटर उंची गाठता येते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि त्यांना लागून असलेला चंदगड या सीमाभागात गडकोट फिरून पाय तयार झालेल्या मराठी माणसाला हिमालयाची ओढ लागली की पहिली निवड बहुधा अशाच एखाद्या वाटेची असते. निवारा ही केवळ सोय आहे असे त्याला वाटू शकते. प्रत्यक्षात चढाईचे सगळे वेळापत्रक निवाराच ठरवतो, कारण दिवसा किती चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याचा परिणाम शरीरावर अधिक होतो.

उगम व प्रसार : खास मुक्कामासाठी डोंगरावर निवारे बांधण्याची पद्धत युरोपातील आल्प्स पर्वतात रुजली. माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर ग्राँ म्युले येथे शामोनीच्या वाटाड्यांनी १८५३ मध्ये एक छोटा निवारा उभारला. स्विस आल्पाइन क्लबची स्थापना १८६३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी टोडी पर्वतावर या संस्थेने आपला पहिला निवारा बांधला. आज एकट्या या संस्थेकडे सुमारे १५० निवारे आहेत. मोंते रोझा पर्वतसमूहातील ४,५५४ मीटर उंचीच्या शिखरावर १८९३ मध्ये कपान्ना मार्गेरिता हा निवारा सुरू झाला, तेव्हा इटलीची राणी मार्गेरिता स्वतः तेथे उपस्थित होती. युरोपातील हा सर्वांत उंच निवारा असून आंजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने तेथे केलेल्या अभ्यासापासून आजपर्यंत उंचीचा मानवी शरीरावर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी त्याचा सतत उपयोग झाला आहे. जपानमधील फुजी (३,७७६ मीटर), मलेशियातील किनाबालू (४,०९५ मीटर) आणि टांझानियातील किलिमांजारो (५,८९५ मीटर) या पर्वतांवरही निवाऱ्यांची व्यवस्था आहे. न्यूझीलंडमध्ये तर सरकारी निसर्गसंवर्धन विभाग नऊशेहून अधिक निवारे सांभाळतो.

उंची आणि झोप : हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते, उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर प्रथम श्वासाचा वेग वाढवते, त्यामुळे रक्तातील आम्लतेचा तोल बदलतो आणि तो सावरण्याचे काम मूत्रपिंडे पुढील काही दिवसांत करतात. या जुळवणीला वेळ लागतोच. झोपेत श्वास मंदावतो व अनियमित होतो, म्हणून दिवसा वरच्या उंचीवर तासभर घालवणे शरीर सोसते, पण त्याच उंचीवर घाईने टाकलेला मुक्काम त्याला भारी पडतो. दिवसा उंच जावे आणि रात्री खाली येऊन झोपावे हा गिर्यारोहकांचा जुना दंडक याच कारणाने पडला आहे. वैद्यकीय मार्गदर्शनानुसार ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर आणखी काढावी.

हे पथ्य मोडले की डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, थकवा आणि झोप न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. एवढ्यावर थांबून तेथेच विश्रांती घेतली तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. लक्षणे अंगावर काढून वर जात राहिल्यास मात्र फुफ्फुसांत पाणी साचणे किंवा मेंदूला सूज येणे अशी जिवावर बेतणारी अवस्था ओढवू शकते. बसल्या जागी धाप लागणे, चालताना झोक जाणे आणि बोलण्यात असंबद्धता येणे या तिच्या खुणा असून त्या दिसताच रात्र असली तरी माणसाला खाली उतरवणे हाच खरा उपचार आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध जुळवणीचा वेग वाढवते, परंतु सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते घातक ठरू शकत असल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शरीर किती दणकट आहे यावर या आजाराचा होरा बांधता येत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आडवा होतो आणि त्याची साठीची मावशी सावकाश चालत वर पोहोचते, असे डोंगरात वारंवार दिसते.

किलिमांजारोची मारंगू वाट : निवारे वेळापत्रक कसे ठरवतात हे या वाटेवर स्पष्ट दिसते. आफ्रिकेतील या सर्वोच्च पर्वताचे शिखर १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी प्रथम गाठल्याची नोंद आहे. शिखराकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी निवाऱ्यांत झोपण्याची सोय असलेली वाट ही एकच. बाकी सर्व वाटांवर तंबू लागतो. सुमारे १,८७० मीटरवरील प्रवेशद्वारापासून ओलसर, शेवाळलेल्या जंगलातून चढत पहिला मुक्काम मंदारा येथे सुमारे २,७०० मीटरवर, दुसरा होरोंबो येथे ३,७२० मीटरवर आणि शेवटचा किबो येथे सुमारे ४,७०० मीटरवर पडतो. मंदारा व होरोंबो येथे उतरत्या छपरांची लाकडी घरकुले आहेत, तर किबो येथे दगडी इमारत असून एकेका खोलीत दुमजली बाकड्यांवर सात-आठ किंवा त्याहून अधिक माणसे झोपतात.

या तीन मुक्कामांच्या मध्ये थांबण्यास दुसरे ठिकाण नाही. झोपण्याची उंची त्यामुळे दर टप्प्याला हजार मीटरने वाढते, म्हणजे वर दिलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. यावर उपाय एकच आणि तो म्हणजे होरोंबोवर एक रात्र अधिक काढणे. मधल्या दिवशी वरच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कड्यापर्यंत, साधारण चार हजार मीटर उंचीपर्यंत चढून यावे आणि पुन्हा होरोंबोलाच झोपावे. पाच दिवसांचा स्वस्त कार्यक्रम निवडून हा एक दिवस वाचवणे ही खोटी काटकसर आहे. आयुष्यात बहुधा एकदाच होणाऱ्या प्रवासात तिच्यापायी किबोवरून मागे फिरण्याची पाळी अनेकांवर येते.

किबोवर दुपारी पोहोचल्यावर लवकर जेवून पडायचे असते. झोप फारशी लागत नाही. रात्री अकराच्या सुमारास वाटाडे उठवतात, चहा-बिस्किटे पोटात जातात आणि मध्यरात्री डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात चढाई सुरू होते. ती रात्री करण्यामागे केवळ सूर्योदयाची हौस नाही, तर गोठलेला मुरूम पायाखाली घट्ट राहतो आणि उन्हाने सैल झाल्यावर तोच दोन पावलांमागे एक पाऊल खाली ओढतो, हेही कारण आहे. पिण्याच्या पाण्याची नळी किंवा बाटली उघडी राहिल्यास पाणी गोठते, म्हणून बाटली लोकरी मोज्यात घालून सॅकमध्ये उलटी ठेवतात, म्हणजे बर्फ धरलाच तर तो बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळे राहते. सुमारे ५,६८५ मीटरवरील गिलमन्स पॉइंट येथे ज्वालामुखीच्या कडेला पोहोचल्यावर कडेकडेनेच उहुरू हे पर्वताचे सर्वोच्च शिखर गाठायचे असते. तेथे फार वेळ न थांबता त्याच दिवशी थेट होरोंबोपर्यंत उतरतात.

हिमालयातील पर्याय : नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर गावोगावी टी-हाउस, म्हणजे जेवण व मुक्कामाची सोय असलेली छोटी घरगुती विश्रामगृहे, असल्यामुळे कोठे थांबायचे हे बरेचसे चालणाऱ्याच्या हाती राहते. लुक्ला (सुमारे २,८५० मीटर), नामचे (३,४४०), तेंगबोचे (३,८६०), दिंगबोचे (४,४१०), लोबुचे (सुमारे ४,९००) आणि गोरक शेप (सुमारे ५,१६०) असे मुक्काम धरून नामचे व दिंगबोचे येथे प्रत्येकी दोन रात्री काढल्या की उंचीचे पथ्य जवळपास पूर्ण पाळले जाते. उंची किलिमांजारोच्या किबोपेक्षा अधिक असूनही ही वाट शरीराला अधिक सोसते, ती याच कारणाने. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र पश्चिम बंगालमधील संदकफू (३,६३६ मीटर) निवडावे. सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून, नेपाळच्या सीमेला धरून जाणाऱ्या या वाटेवर टुमलिंग आणि कालीपोखरी येथे मुक्काम होतात आणि शिखरावरून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से व मकालू ही जगातील पहिल्या पाच शिखरांपैकी चार एकाच ठिकाणाहून दिसतात.

सीमाभागातील मुक्काम : बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे आणि चंदगड तालुक्यातील महिपाळगड हा या परिसरातील उंच गडही हजार मीटरच्या आतच राहतो. येथे आल्प्ससारखे निवारे कधी बांधले गेले नाहीत, कारण त्यांची जागा देवळाच्या सभामंडपाने, शाळेच्या व्हरांड्याने आणि ओळखीपाळखीच्या घरातील सोप्याने भरून काढली. पारगडावर आजही वस्ती असून शिवकाळात गडावर नेमलेल्या शिबंदीचे वंशज म्हणून तेथील घराणी आपली ओळख सांगतात. गडाचे पहिले किल्लेदार तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे होते अशी परंपरा आहे. भवानीच्या देवळात पथारी टाकण्याआधी विचारणे, चूल पेटवायची असल्यास जागा दाखवून घेणे आणि पहाटे निघताना जागा झाडून काढणे ही रीत येथे कोणी शिकवावी लागत नाही. महिपाळगडावरही गाव नांदते व पायथ्याला देवरवाडीचे वैजनाथ मंदिर आहे. कलानंदीगड आणि बेळगावजवळचा येळ्ळूरचा राजहंसगड हे एका दिवसात होणारे गड आहेत. खानापूरच्या जंगलातून चालताना गवळीवाड्यांवर मिळणारे ताक आणि वाटेची माहिती या दोन्हींचे मोल जाणत्यांना ठाऊक असते.

खानापूर तालुक्यातील भीमगडाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा परिसर २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील बारापेडे गुहांत अत्यंत दुर्मिळ अशा एका जातीच्या वटवाघळांची वस्ती आहे आणि जंगलात अस्वलांचा वावर आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे जाता येत नाही आणि कोणी तरी मागच्या वाटेने नेतो म्हणून जाऊही नये. मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी आणि त्याच भागातील आमगाव येथे पावसाळ्यात कोसळणारा पाऊस कर्नाटकातील सर्वाधिक पावसांत मोडतो. जळवा आणि फुगलेले ओढे यांमुळे त्या दिवसांत ही वाट नवख्याने टाळलेली बरी.

या डोंगरांतील सरावाने पाय, गुडघे आणि सॅक भरण्याची शिस्त तयार होते, पण उंचीची सवय अजिबात होत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते असे धरले, तर महिपाळगडावर बेळगावपेक्षा अंश-दीड अंशाचा फरक पडतो आणि किबोवर तोच पंचवीस अंशांच्या पुढे जातो. कपड्यांची खरेदी या हिशेबाने करावी. बेळगावच्या थंडीत पुरणारा स्वेटर तेथे आतल्या थराइतकाच कामाचा असतो, त्यावर उबदार जाकीट आणि वारा अडवणारा बाह्य थर लागतोच. खाण्याच्या बाबतीत मात्र सीमाभागातील माणूस घरूनच सज्ज निघू शकतो. गोकाकचा करदंट डिंक, गूळ आणि सुक्यामेव्याचा असल्याने टिकतो, थोडक्यात भरपूर ताकद देतो आणि भूक मेलेली असतानाही चघळता येतो. दुधाचा कुंदा मात्र प्रवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपवावा.

निवाऱ्यातील वागणूक : निवारा लहान आणि माणसे अनेक, त्यामुळे तेथील शिस्त कडक असते. बूट दारातच काढतात. घामेजलेला बनियन थंडी भरण्याआधी बदलून दोरीवर टाकतात. पहाटे लागणारे सामान झोपण्यापूर्वीच सॅकच्या वरच्या भागात ठेवतात, कारण दुसऱ्या बाकड्यावरच्या माणसाची झोप प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या खुळखुळाटाने मोडते. जेवणाच्या टेबलावर आज कोण किती खातो आहे याकडे गटप्रमुखाने लक्ष ठेवावे, कारण उंचीच्या त्रासाची पहिली खूण पुष्कळदा ताटात तशीच राहिलेल्या अन्नातून दिसते. वर पोहोचवलेला प्रत्येक दाणा आणि किबोसारख्या कोरड्या जागी पाण्याचा प्रत्येक लिटर कोणी तरी पाठीवर किंवा डोक्यावर वाहून आणलेला असतो. किलिमांजारोवर एका भारवाहकाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो आहे. ती पाळणारी, भारवाहकांना पुरेसे कपडे, जेवण आणि मजुरी देणारी संस्था निवडणे हे ट्रेकला जाणाऱ्याचे कर्तव्य आहे, मग त्यासाठी चार पैसे अधिक मोजावे लागले तरी चालतील.

हंगाम व उतरण : किलिमांजारोसाठी जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने सोयीचे असतात. संदकफूला एप्रिल-मे महिन्यांत गुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुले असतात, तर दिवाळीनंतर आकाश स्वच्छ राहून शिखरे स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात उद्यान बंद असते. आपल्याकडे शाळांना मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी असल्याने कुटुंबासह जाणाऱ्यांना हे दोन्ही काळ जमतात. शिखर झाल्यावरचा दिवस बहुतेक वाटांवर सर्वांत लांब असतो. किबोहून चढून पुन्हा होरोंबोपर्यंत येताना दोन हजार मीटरहून अधिक उतार एकाच दिवशी पायाखाली जातो, रात्रभर झोप नसते आणि गुडघ्यांवर ताण येतो. पारगडाच्या पायऱ्या आणि राजहंसगडाचा उतार पाठीवर वजन घेऊन वारंवार उतरण्याचा सराव या टप्प्यावर उपयोगी पडतो. त्या सरावात दोन्ही हातांत काठ्या धराव्यात, पावले आखूड टाकावीत आणि पायांची नखे बुटांच्या पुढच्या टोकाला आपटत नाहीत याची खात्री करून घ्यावी.