दोन्ही हात सारखेच दुखायला हवेत का?

सकाळी मूठ वळत नाही, सांडशी घट्ट धरवत नाही, कालपर्यंत सैल असलेली अंगठी पेरावर अडते. दहा-अकराच्या सुमाराला हात सुटे होतात. घरात यालाही ‘वात’च म्हणतात आणि आजोबांच्या झिजलेल्या गुडघ्यालाही. वैद्यांकडे आमवात आणि संधिगतवात वेगळे आहेत, बोलण्यात मात्र सगळा संधिवात.

सकाळी हात असे आखडवणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) आधुनिक वैद्यकातलं पहिलं ठळक वर्णन १८०० सालचं आणि नाव १८५९ सालचं. खरा वाद त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी पेटला, तो हा आजार कुणाला आहे म्हणायचं याच्या निकषांवरून.

१९८७च्या निकषांच्या यादीत सात मुद्दे होते, त्यांतले चार जुळायला हवेत. निदान तासभर टिकणारा सकाळचा ताठरपणा, तीन किंवा जास्त ठिकाणी सूज, हातांचे सांधे, दोन्ही बाजूंना सारखेपणा. शिवाय त्वचेखालच्या गाठी, रक्तातला आरए फॅक्टर (या आजारात बहुधा सापडणारं प्रतिपिंड) आणि एक्स-रेत दिसणारी झीज. पहिले चार मुद्दे सहा आठवडे टिकायला हवेत. पण ही यादी बेतली होती मुरलेल्या आजाराच्या रुग्णांवरून. उजव्या हाताची दोनच बोटं मुळाशी सुजलेली बाई त्यात बसायची नाही. एक्स-रेत झीज दिसेपर्यंत सांध्याचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असे.

२०१०च्या नव्या यादीत सकाळचा ताठरपणा आणि सारखेपणा, दोन्ही वगळले. आता दहापैकी सहा गुण लागतात. दोन ते दहा मोठ्या सांध्यांना एक गुण, एक ते तीन लहान सांध्यांना दोन, चार ते दहा लहान सांध्यांना तीन, दहाहून जास्त सांध्यांना (त्यात एक तरी लहान हवा) पाच. नखाजवळची पेरं आणि अंगठ्याचं बूड मोजायचं नाही, कारण तिथे बहुधा साधी झीजच असते. माझ्या मते निर्णय योग्यच होता, पण फुकटचा नाही. आठ लहान सांधे सुजलेत, दोन्ही हात सारखे, सकाळी दीड तास ताठर, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेला, दोन महिने झालेत, पण आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी हे दुसरं प्रतिपिंड निगेटिव्ह: अशा बाईचे गुण होतात सांध्यांचे तीन, सीआरपीचा एक, कालावधीचा एक. पाच! जुन्या यादीत ती सरळ पास होती.

दोन्ही याद्या मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेल्या, त्या ओपीडीच्या टेबलावर कधी येऊन बसल्या ते कळलंच नाही. २००६च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर महाराष्ट्रात महिनोन्‌महिने मनगटं आणि घोटे धरून बसलेली माणसं घरोघर होती. दुखण्याचा नकाशा जवळपास तोच, आजार वेगळा. म्हणून ‘दुसऱ्या आजाराने नीट उलगडा होत नसेल तरच’ ही २०१०ची अट आपल्याकडे अधिक जड.

पाय मात्र अजूनही राहून जातात. चवड्याचे सांधे, अंगठा सोडून करंगळीपर्यंतचे चार, गुणांत धरलेले आहेत. डॉक्टरांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला की बाई कळवळतात आणि वर सांगतात, “पायाचं काही नाही हो, चप्पल नवीन आहे.”