पाठीवरचा नंबर: विस्कॉन्सिनच्या हरीण-हंगामाची पार्श्वभूमी

नोव्हेंबरअखेर येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यातला शुक्रवार. दुपार कलली की मॅडिसनहून उत्तरेला जाणारा ५१ नंबरचा हायवे पिकअप गाड्यांनी भरून जातो. मागच्या हौद्यात बर्फपेट्या, सरपण, झोपायच्या वळकट्या. खिडकीला टांगलेलं भडक नारिंगी जाकीट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आतली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी साडेपाच लाखांच्या आसपास माणसं बंदूक घेऊन झाडीत बसलेली असतात. नऊ दिवस हे चालतं. उत्तरेच्या जंगलात, ज्याला इथले लोक नॉर्थवुड्स म्हणतात, त्या नऊ दिवसांभोवती कारखान्यांच्या रजा आणि घरातली लग्नकार्यं ठरतात.

नोकरीसाठी इथे आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना हे पचायला वेळ लागतो. आमची पिढी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेली. शिकार म्हणजे गुन्हा, एवढंच आम्हाला माहीत. मलाही पहिली काही वर्षं या गाड्यांकडे बघून पोटात कालवायचं. मग हंगामाच्या तारखा कोणी ठरवल्या, नारिंगी रंग कुठून आला, असं एकेक विचारत गेलो आणि समजत गेलं की यातला प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या चुकीनंतर आलेला आहे. हंगाम म्हणजे शिकारीची मोकळीक असं आपण धरून चालतो. इथे त्याची सुरुवात बंदीतून झाली.

ती बंदी १८५१ सालची. राज्य होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. फेब्रुवारी ते जून हरीण मारायचं नाही, असा तो कायदा, म्हणजे माद्या गाभण असतात आणि पाडसं जन्मतात तो काळ. उरलेलं वर्ष मोकळं. मूळच्या रहिवाशांना, म्हणजे ओजिब्वे आणि इतर जमातींना, ही बंदी लागू नव्हती. हे कलम लक्षात ठेवावं, कारण पुढे त्याचं काय झालं ते फार वाईट आहे.

गंमत वाटेल, पण तेव्हा नॉर्थवुड्स हा हरणांचा मुलूखच नव्हता. पांढऱ्या शेपटीचं हरीण जास्त होतं ते दक्षिणेच्या माळांच्या कडेला आणि ओकच्या विरळ राईत. उत्तरेला हेमलॉक आणि पांढऱ्या पाइनचं जुनं, दाट, अंधारं अरण्य. अशा झाडांखाली जमिनीवर ऊन पोचत नाही, आणि ऊन नाही तिथे हरणाच्या तोंडाला येईल असा पाला नाही. मग लाकूडतोडे आले. १८६० ते १९१० या पन्नास वर्षांत त्यांनी पाइनचं जंगल जवळजवळ संपवलं. ओंडके नद्यांतून वाहत गिरण्यांकडे गेले, फांद्या आणि साली जागेवर वाळत पडल्या. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री पेश्टिगो गावाला लागलेल्या आगीत किमान बाराशे माणसं गेली. अमेरिकेतला हा सर्वांत प्राणघातक वणवा. पण जळालेल्या, तोडलेल्या जमिनीवर ऊन पडलं आणि ॲस्पेनची कोवळी रोपटी फुटली. त्या पाल्यामागे हरणं उत्तरेला सरकली. आज जे 'मूळचं रान' म्हणून लोक मिरवतात, ते कुऱ्हाडीने आणि आगीने घडवलेलं आहे.

हरणं वाढली तशी मारलीही गेली. लाकूडतोड्यांच्या छावण्यांना मांस लागे, ते पुरवायला पगारी शिकारी असत. रेल्वे उत्तरेला पोचल्यावर थंडीत गोठलेली हरणं डब्यांतून मिलवॉकी आणि शिकागोच्या बाजारात जाऊ लागली. शिकारीत कुत्री वापरायला १८७६ मध्ये बंदी आली; रात्रीची शिकार १८८७ मध्ये बंद झाली, आणि त्याच वर्षी राज्यपालांनी अख्ख्या राज्यासाठी दोन गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम पाळायला लावणारे अधिकारी, नेमले. दोन! माणशी दोन हरणांची मर्यादा आणि शिकारीचा परवाना हे १८९७ चं. स्थानिकाला एक डॉलर, परराज्यातल्याला तीस. १९०० साली आयोवा राज्यातून अमेरिकी संसदेत गेलेले जॉन लेसी यांच्या नावाचा केंद्रीय कायदा आला आणि बेकायदा मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरलं. तोवर साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपासच उरली होती, असा अंदाज सांगतात. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत.

या कायद्यांची धार मात्र सगळ्यांवर सारखी चालली नाही. ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत उत्तरेची जमीन सरकारला दिली, पण तिच्यावर शिकार, मासेमारी आणि रानभात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. हरणाला ते वावाशकेशी म्हणतात. मांस खाण्याला, कातडं मोकॅसिन नावाच्या जोड्यांना, स्नायूचा तंतू शिवणाला. डिसेंबर १८९४ मध्ये वॉशबर्न काउंटीत गिश्कितावाग नावाच्या ओजिब्वे माणसाला हंगामाबाहेर हरीण मारल्याच्या आरोपावरून वॉर्डनांनी पकडलं, बडवलं आणि गोळी घातली. तो मेला. गोऱ्या ज्यूरीने वॉर्डनांना निर्दोष सोडलं. १९०८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्य स्थापन झालं तेव्हाच तहातले हे हक्क संपले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं पोट या हरणावर होतं, ते कागदोपत्री चोरटे शिकारी झाले. हे वाचताना मला आपले फासेपारधी आठवल्याशिवाय राहिले नाहीत. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या कपाळावर शिक्का मारला. साहेब आणि संस्थानिक परवाना काढून तीच शिकार करत तेव्हा तिला छंद म्हणत.

१९१५ मध्ये आलेला नियम पुढे शंभर वर्षं भांडणाचं मूळ ठरला: फक्त शिंगाळा नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. हरणं कमी झालेली असताना हा नियम योग्यच होता. तेवढ्याने भागेना, म्हणून १९२५ च्या कायद्याने एक वर्षाआड हंगामच बंद ठेवला; १९२७ पासून १९३५ पर्यंतची विषम वर्षं बंदुकांविना गेली. १९३७ चा हंगाम तर अवघ्या तीन दिवसांचा होता. त्याच वर्षी बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचे पैसे राज्यांच्या वन्यजीव कामाला देणारा पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. लांब नळीच्या बंदुकीवर आणि काडतुसावर अकरा टक्के. शिकारी जो बार काढतो त्याचे पैसे रान राखायला जातात, ही व्यवस्था तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

या सगळ्या राखणीचं फळ मिळालं, आणि ते गरजेपेक्षा जास्त मिळालं. लांडगे बक्षिसं लावून मारून टाकलेले, माद्या सुरक्षित, तोडलेल्या रानात पाला मुबलक. १९४० च्या सुमाराला हरणं इतकी झाली की हिवाळ्यात उपाशी मरू लागली.

हे मरण कसं दिसतं ते सांगायला हवं. जास्त बर्फ पडला की हरणं सीडरच्या दलदलीत गोळा होतात; दाट झाडांमुळे तिथे वारा लागत नाही आणि बर्फ कमी साचतो. या जागेला डिअर यार्ड म्हणतात. कळप ठरावीक वाटा तुडवतात आणि त्या वाटांवरचाच सीडर खातात. हळूहळू सगळ्या झाडांवर एक सरळ रेघ दिसू लागते, मागच्या पायांवर उभं राहून हरणाचं तोंड पोचेल तेवढ्या उंचीवर. रेघेच्या वर हिरवं, खाली नुसत्या काटक्या. मोठ्या हरणाचं तोंड वर पोचतं, पाडसाचं पोचत नाही, म्हणून पाडसं आधी मरतात. मेलेल्या पाडसाच्या मांडीचं हाड फोडलं तर आतला मगज पांढरा, घट्ट नसतो. लाल, लिबलिबीत असतो. अंगातली शेवटची चरबीसुद्धा जाळून झालेली असते.

१९४२ मध्ये नेमलेल्या नागरिकांच्या हरीण समितीने हिवाळ्यात या दलदलींत चालत जाऊन हेच पाहिलं. समितीचे अध्यक्ष होते आल्डो लिओपोल्ड, विस्कॉन्सिन विद्यापीठातले वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक. तरुणपणी नैऋत्येच्या डोंगरांत वनखात्यात असताना 'लांडगे मारा म्हणजे हरणं वाढतील' असं तेही म्हणत असत. पुढे ॲरिझोनात हरणांचे कळप रान ओरबाडून उपाशी मेलेले त्यांनी जाणले आणि मत बदललं. समितीचा निष्कर्ष सोपा होता: माद्या आणि पाडसंही मारावी लागतील, नाहीतर रान आणि हरणं दोन्ही जातील.

त्याप्रमाणे १९४३ चा हंगाम दोन भागांत झाला. आधी चार दिवस शिंगाळे नर, मग तीन दिवस विश्रांती, मग चार दिवस बिनशिंगी हरणं. सुमारे १ लाख २८ हजार हरणं पडली. राज्यात आगडोंब उसळला. त्या हंगामाचं नावच '४३ चा गुन्हा' असं पडलं. लिओपोल्ड त्याच वर्षी राज्याच्या संवर्धन आयोगावर आले होते, त्यामुळे शिव्या त्यांच्या वाट्याला आल्या. त्यांच्याविरुद्ध एक वर्तमानपत्रच निघालं. लिहिणारे लोक वाईट नव्हते. त्यांच्या वडिलांनी हरणाशिवायचं रान पाहिलं होतं, मादी मारायची नाही हे त्यांना बापाने शिकवलं होतं, आणि मादीवर दया करायला शिकवलेल्या माणसाला एकदम 'आता दया म्हणजे मादी मारणं' हे कसं पटावं? प्राध्यापक दलदलीतली उपासमार दाखवत होते, शिकारी आपल्या ठाण्यावरून दिसणारी हरणं मोजत होते. दोघेही खरं बोलत होते, पण मोजणीच्या जागा वेगळ्या होत्या. माझ्या मते लिओपोल्डच बरोबर होते. फक्त लोकांना सोबत न्यायला जितका काळ लागतो तितका त्यांना मिळाला नाही. एप्रिल १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातली गवताची आग विझवताना ते गेले. १९४९ ते १९५१ अशी तीन वर्षं बिनशिंगी हरणांची शिकार पुन्हा खुली झाली. १९५७ पासून चार जणांच्या टोळीला मिळून एक जास्तीचं हरीण मारायचा परवाना मिळू लागला, आणि भांडण थोडं निवळलं.

अंगावरच्या गोष्टींचा इतिहास त्यामानाने साधा आहे. माणसाने माणसाला हरीण समजून गोळी घालणं हे दरवर्षीचं दुःख होतं. १९४५ मध्ये लाल कपडे सक्तीचे झाले. पण पहाटेच्या अंधुक उजेडात लाल रंग काळपट दिसतो, म्हणून १९८० मध्ये चमकणारा नारिंगी आला आणि अपघात झपाट्याने उतरले. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सुरक्षेचा वर्ग केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. आणि १९४२ पासून प्रत्येक शिकाऱ्याच्या पाठीवर मोठ्या आकड्यांचा नंबर टाचलेला असे, लांबूनही वॉर्डनला वाचता येईल असा.

ओजिब्वे लोकांना न्याय मिळायला १९८३ साल उजाडावं लागलं. लॅकूडरे या ओजिब्वे वस्तीतल्या ट्रिबल आडनावाच्या दोन भावांनी १९७४ मध्ये जमातीसाठी राखलेल्या हद्दीबाहेर मुद्दाम भाल्याने मासे मारले, अटक झाली, आणि तो खटला केंद्रीय अपील न्यायालयापर्यंत गेला. २५ जानेवारी १९८३ च्या निकालाने तहातले हक्क जिवंत असल्याचं मान्य केलं. त्यानंतर कित्येक वसंत ऋतूंत तलावांच्या धक्क्यांवर या हक्कांना विरोध करणाऱ्यांचे जमाव जमले, दगड आणि शिव्या फेकल्या गेल्या. तरी जमातींनी स्वतःचा जीवशास्त्रज्ञांचा आयोग उभा केला, स्वतःचे वॉर्डन नेमले. आज त्यांचा हरीण-हंगाम त्यांच्याच नियमांनी, बाकीच्यांच्या कितीतरी आधी सुरू होतो.

२००० साली विक्रम झाला: बंदूक आणि धनुष्य धरून ६ लाख १८ हजारांहून जास्त हरणं. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २००२ मध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला मारलेल्या तीन हरणांच्या तपासणीत सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सापडला. मेंदूला भोकं पाडणारा हा रोग, त्यावर औषध नाही. त्या भागातली हरणं शक्य तेवढी संपवा, असं सरकारने सांगितलं. आधी एक बिनशिंगी हरीण मारा, मगच नर मिळेल, हा नियमही काही भागांत लागू होता. शिकाऱ्यांनी तो मनापासून कधी स्वीकारला नाही. २०११ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. तेव्हाची भाषणं वाचली की १९४३ च्या नातवंडांची भाषणं वाचल्यासारखं वाटतं.

पूर्वी हरीण पडलं की गाडीच्या हौद्यात घालून गावच्या पेट्रोल पंपावर किंवा बारबाहेर नोंदणीला न्यावं लागे. रांगेत उभं राहून लोक एकमेकांची हरणं बघत. खात्याचा माणूस जबडा उघडून दाढा किती झिजल्या त्यावरून वय सांगे. २०१५ पासून नोंदणी फोनवरून होते. पुढच्या वर्षी पाठीवरचा नंबरही बंद झाला.

एका सहकाऱ्याने मला उत्तरेतल्या आपल्या आजोबांच्या कॅम्पवर नेलं होतं. डांबरी कागदाचं छप्पर, लाकडाची शेगडी, शीप्सहेडचे पत्ते ठेवलेलं टेबल. शेगडीमागच्या भिंतीवर छोट्या खिळ्यांनी ठोकलेले पाठीवरचे नंबर, वरपासून खालपर्यंत: आजोबांचे, वडिलांचे, काकांचे, त्याचे. सर्वांत जुन्याचा कागद धुराने पिवळा पडला होता आणि आकडे पुसट झाले होते. सर्वांत खालचा २०१५ चा. त्याच्या मुलाने पहिलं हरीण त्यानंतर मारलं. त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली फळी अजून तशीच आहे.