‘एक टक्क्याहून कमी’ हा आकडा आला कोठून?
डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अफूवर्गीय वेदनाशामकांचे व्यसन एक टक्क्याहूनही कमी रुग्णांना लागते, हा समज अमेरिकेत अनेक वर्षे वैद्यकीय सत्य म्हणून फिरला. त्याचा आधार म्हणून दाखवला जाणारा मजकूर शोधनिबंध नव्हताच. ते होते १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेले, जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र. रुग्णालयात असताना ही औषधे मिळालेल्या ११,८८२ जणांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांत व्यसनाची नोंद आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

२०१७ साली त्याच नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या मोजणीत या पत्राचे ६०८ उल्लेख सापडले, आणि बहुतेकांनी रुग्णालयाची अट गाळलेली होती. (मूळ पाच वाक्ये वाचायला कितीसा वेळ लागला असता!) दरम्यान १९९६ साली पर्ड्यू या औषध कंपनीचे ‘ऑक्सिकॉन्टिन’ हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आले, त्याच्या व्यसनाचा धोका कमी भासवल्याबद्दल कंपनीने २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला.

प्रत्यक्षात शरीर या औषधाला सरावते, तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि अतिमात्रेत, विशेषतः दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत, श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो.