शेगडीत धूर जाळायला शिका

बंद दाराच्या लाकडी शेगडीत काचेतून नीट पाहिलं तर ज्वाळा लाकडाच्या किंचित वर नाचताना दिसते. जळतात ते तापलेल्या लाकडातून सुटणारे वायू. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे 80 टक्के भाग असा वायू होऊन निघतो, बाकी कोळसा उरतो. हे वायू पुरते जळायला साधारण 600 अंश सेल्सिअसची धग आणि भरपूर हवा लागते. यातलं काही कमी पडलं की तेच वायू धूर बनून धुराड्यातून बाहेर जातात, म्हणजे निम्मंअधिक सरपण न जळताच वाया.

ओल्या लाकडाचं दुखणं नेमकं हेच. नुकत्याच तोडलेल्या 10 किलो लाकडात जवळपास 5 किलो पाणी असतं. त्याची वाफ करायला साधारण 13 मेगाज्यूल उष्णता लागते, तर उरलेल्या 5 किलो सुक्या लाकडात सुमारे 90 मेगाज्यूल असतात. सातवा हिस्सा गेला, एवढंच ना? नाही. ती वाफ आगीची धग उतरवते आणि मग वायू पेटतच नाहीत. खरा तोटा तिथे होतो.

म्हणून ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. ओंडके आधी फोडा, मग जमिनीपासून उचलून रचा. वरून झाका, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. अख्खी रास ताडपत्रीत गुंडाळली तर बुरशी धरते. जातीनुसार वाळायला एक ते दोन वर्षं लागतात. ओलावामापक वापरत असाल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचा. बाहेरची साल नेहमीच कोरडी असते, आणि फसवते.

पेटवताना उलटी रचना करा. तळाला दोन-तीन जाड फाटे, त्यावर आडव्या-उभ्या बारीक ढलप्या, पेटवण सगळ्यात वर. आग वरून खाली उतरते, त्यामुळे खालच्या लाकडातून सुटणाऱ्या वायूंना ज्वाळेतूनच जावं लागतं आणि धुराडंही लवकर तापतं. हवेच्या झडपा या वेळी पूर्ण उघड्या असू द्या. फाटे चांगले पेटले की खालची हवा हळूहळू कमी करा. वरची, काचेमागून येणारी हवा मात्र बंद करू नका, वायू जाळते ती तीच. ज्वाळा पिवळीधमक आणि चपळ हवी. ती मंद, नारिंगी, काळ्या शेंड्याची झाली तर हवा कमी पडते आहे.

नवं लाकूड निखारे लालभडक असतानाच टाका. एका वेळी एक-दोन फाटे, 8 ते 12 सेंटिमीटर जाडीचे, आणि ते पेटेपर्यंत हवा पुन्हा मोकळी. रात्रभर पुरावं म्हणून शेगडी गच्च भरून झडपा आवळणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. धुराड्यातला धूर साधारण 120 अंशांखाली गेला की त्यातलं डांबर आतल्या भिंतींवर बसतं. ते कधीतरी पेटतं, आणि धुराड्यातली ती आग 1000 अंशांच्या आसपास जाऊ शकते. वर्षातून किमान एकदा धुराडं झाडून घ्या. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला वास नसतो.

गरजेपेक्षा मोठी शेगडीही त्रासच देते, कारण खोली तापून नकोशी होते आणि माणूस झडप आवळतो. बेताची उष्णता राखणाऱ्या घरासाठी ढोबळ हिशोब असा: खोलीचे घनमीटर भागिले 14, उत्तर किलोवॅटमध्ये. 70 घनमीटरला 5 किलोवॅट पुरतात.

झडपा आवळूनही आग भडकतच असेल तर दाराच्या कडेने बसवलेली, फटीतून हवा शिरू न देणारी दोरी तपासा. थंड शेगडीच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज सुटून आली तर दोरी दबली आहे, बदला. राख सगळी उपसू नका, दोन सेंटिमीटरचा थर निखारे उबदार ठेवतो. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर ठेवा. आतला निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहू शकतो.